कंटाळा आलाय

१२ जुलै, सकाळी

प्रिय धाकटे,

तुला खूप आशीर्वाद, पोरीला गोड पापा. पत्र लिहायला कारण आहे, पण ते जरा खाली येईल. मुद्द्यावर यायला मला वळसा लागतो, हे तुला ठाऊक आहे.

आम्ही दोघं ठणठणीत आहोत. चार महिन्यांत यांनी उंबरठा ओलांडलेला नाही. भाजी मिठाच्या पाण्यात, दुधाची पिशवी साबणाने, पेपर दोन तास उन्हात. सकाळी हॉलमध्ये साठ फेऱ्या घालतो: सोफा, खिडकी, फ्रिज, परत सोफा. हे म्हणतात, एवढं चालून माणूस परक्या देशात पोचला असता, आपण अजून फ्रिजपाशीच. संध्याकाळी वाफ घ्यायची आणि मग माझी वही. कुणा डॉक्टरीणबाईंनी पेपरात लिहिलं होतं की रोज तीन चांगल्या गोष्टी लिहून त्यांचे आभार मानावेत, मन निरोगी राहतं. तीस वर्षं शाळेत दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, आता स्वतःची भरते. 'यांची साखर ठीक.' 'नळाला पाणी वेळेवर.'

पाण्याचं तर मी कितीदा लिहिलंय. आणि ते सोडणारा माझाच भाऊ. सगळं गाव दारं लावून बसलं होतं तेव्हा ठोंब्या रोज सायकल हाणत पंपहाऊसला जात होता.

बुधवारी तू फोनवर बोललीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. "ताई, तो म्हणाला कंटाळा आलाय. मी म्हटलं, कंटाळा आलाय तर भांडी घास. आणि त्याने घासली हो, सगळी." महिना होत आला, तू हे एकच उगाळते आहेस. तुझी शेजारीण सांगते की तू धड जेवत नाहीस, भांड्यांचा ढीग पडून असतो. मी तेव्हा, "तुला काय माहीत होतं, वेडे," म्हटलं आणि फोन ठेवला. तुला खरंच माहीत नव्हतं. म्हणूनच लिहिते आहे.

आमच्या आईला आजाराचं नाव घेतलेलं खपत नसे. नाव घेतलं की तो घर ओळखतो, म्हणायची. ताप, खोकला हे शब्दच घरात बंद. मग आम्ही मुलं म्हणायचो, 'कंटाळा आलाय'. नुसतं करमत नसलं तर 'करमत नाही' म्हणायचो, आणि अंग तापलं की 'कंटाळा आलाय'. ठोंब्या तर आईकडे जायचाच नाही, सरळ माझ्याकडे यायचा. मी कपाळाला हात लावायची आणि बाबांना चप्पल घालायला सांगायची. आई तिकडे मान वळवून भाजी चिरत बसायची. तू घरात आलीस तेव्हा आई नव्हती, आणि लग्नानंतर नऊ वर्षांत त्याला साधी सर्दी झाली नाही. हा शब्द तुला सांगायचं कुणाला सुचलंच नाही.

चार जूनला त्याने मलाही फोन केला होता. "ताई, कंटाळा आलाय गं."

धाकटे, मला कळलं. तिथल्या तिथे कळलं. मी म्हटलं, "सगळ्यांनाच आलाय बाबा." तो म्हणाला, "तसा नाही गं. खूप आलाय. दोन दिवस झाले." मी म्हटलं, "मग जरा झोप काढ." आणि गॅसवर दूध आहे सांगून फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं.

दोन दिवसांपूर्वीच मी त्याला बोलावलं होतं. आमच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळत होता. काम करून तो यांच्या शेजारी बसून चहा प्यायला, तासभर हसत होते दोघं. आता त्याला ताप म्हणायचा तर आमच्या दारावर फलक, यांची तपासणी, आणि यांचं बायपास होऊन वर्षही झालेलं नाही. मी घाबरले. इतकी घाबरले की त्या शब्दाचा साधाच अर्थ धरायचा असं ठरवून टाकलं. त्या संध्याकाळी वहीत तिसरी ओळ लिहिली: 'ठोंब्याचा फोन आला. मजेत आहे, नुसता कंटाळलाय.' आणि आभार मानले.

त्याला धाप लागली तेव्हा नऊ तारीख होती, आणि दवाखान्यातून तो परत आलाच नाही. डॉक्टर तुला म्हणाले, चार-पाच दिवस आधी आणायला हवं होतं. ते चार-पाच दिवस माझ्यापाशी होते. तुला फोन करून एवढंच म्हणायचं होतं, कपाळाला हात लावून बघ. त्याला वाटलं असेल, ताईच्या कानावर घातलंय, आता ती बघेल. याच विचाराने मला उभ्या जागी रडू येतं. यांना अजून कारण सांगितलेलं नाही. आज सांगणार आहे.

आम्हाला दोघांना काही म्हणता काही झालं नाही.

नवऱ्याला भांडी घासायला सांगितलीस, त्यात तुझं काहीही चुकलं नाही. रोजचं बोलणं ते. त्याच्यापायी उपाशी राहू नकोस. पोरगी मोठी होऊन विचारेल तेव्हा तिलाही हेच सांग, की आईला कळलं नव्हतं आणि आत्याला कळलं होतं. मला वाचवायला एक शब्दही बदलू नकोस.

फोन करावासा वाटला तर कर. वाट्टेल ते बोल, मी ठेवणार नाही. नाही केलास तरी का केला नाहीस असं विचारायचा मला हक्क नाही.

त्याला ताप होता, धाकटे. त्याने मला सांगितलं होतं.

तुझी ताई असं लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतीच,
ठोंब्याची बहीण