ट्रेलरच्या जमिनीतले फुगे

कॉटनवुड बेंड, आयडाहो
६ जानेवारी १९९८

प्रिय ओरिनदादा,

सा. न., तुझ्या वयाला, स्वभावाला नाही.

मार्व्हावहिनीचा ख्रिसमसचा फ्रूटकेक पोचला. शेजारच्या ट्रेलरमधल्या क्लीटसने अर्धा खाल्ला आणि उरलेला ट्रेलरच्या चाकाखाली दगडाऐवजी लाव म्हणाला. वहिनीला फक्त पोचल्याचं वाच.

आता कामाचं. माझ्या ट्रेलरच्या जमिनीवर अंथरलेलं व्हायनिल फुगलं आहे. पलंगाच्या कडेला दोन आणि दाराजवळ एक, भाकरी फुगावी तसे. पाय पडला की खाली बसतात, पाय उचलला की पुन्हा वर. तू जन्मभर लोकांच्या घरात जमिनी घातल्यास, तेव्हा उपाय तुलाच विचारते. आपला करार मला पाठ आहे: एप्रिलमध्ये तू येऊन ट्रेलर बघणार, राहण्याजोगा नसला तर मी मुकाट तुझ्याकडे स्पोकेनला यायचं. पण माझा हॅरल्ड वारल्यापासून हे वीस फुटी डबडं हेच माझं घर आहे. नदी समोर आहे, मासे धरायला येणाऱ्यांना जागा दाखवायची, शेकोटीचं लाकूड द्यायचं, बदल्यात राहणं फुकट. मला तुझ्या मागच्या खोलीत टीव्हीसमोर बसून म्हातारी व्हायचं नाही. एवढ्याशा फुग्यांपायी तर नाहीच.

थंडी मरणाची आहे. सगळे करतात तसं मीही छताच्या झरोक्यात फोमची उशी कोंबली आणि खिडक्यांना प्लॅस्टिक चिकटवलं. तरी काचा आतून रडतातच.

लोभ आहे तेवढा पुरे, सल्ला मात्र जास्त पाठव.
तुझी नेडीन

स्पोकेन
१२ जानेवारी

चि. नेडीन,

अ. आ.

फ्रूटकेकचं वहिनीने स्वतःच वाचलं. पत्रं तीच फोडते, हे तू विसरलीस. दोन दिवस माझ्या ताटात नुसतं सूप आहे.

फुग्यांचं नीट ऐक. ट्रेलरमध्ये आधी व्हायनिल अंथरतात आणि मग त्यावर कपाटं उभी करतात, त्यामुळे ते सबंध उचलता येत नाही. फुग्यावर नक्षीची रेघ असेल तिथेच धारदार पात्याने चिरायचं, म्हणजे चीर दिसत नाही. आतली हवा काढ, सुईच्या पिचकारीने गोंद भर, बोटाने पसरव, वर मेणकागद आणि फळी ठेवून वजन ठेव. सबंध दिवस त्यावर पाऊल टाकू नकोस. क्लीटसकडे जाऊन पत्ते खेळ, त्याला हरवलंस तर मलाही बरं वाटेल.

पण चिरण्याआधी अंगठ्याने दाबून बघ. खालची प्लाय टणक लागली तर ठीक. मऊ लागली तर पाणी मुरतंय, आणि मग गोंद भरणं म्हणजे जखमेवर नुसती पट्टी. मला खरं कळव. लहानपणी पडलीस की रक्त पुसून मग घरात यायचीस, ती खोड मला माहीत आहे.

डोळे आणि पाय सांभाळ, आमच्यावरचा राग सांभाळला नाहीस तरी चालेल.
ओरिन

कॉटनवुड बेंड
१९ जानेवारी

प्रिय ओरिनदादा,

सा. न. वि. वि.

दाराजवळचा फुगा चिरला. हवेआधी पाणी आलं, चमचाभर. स्वच्छ होतं, वास नव्हता. छत गळत नाही, नळ कोरडे आहेत, मी दोनदा पाहिलं. प्लाय जराशी मऊ आहे. जराशीच, म्हणून लगेच गाडी काढू नकोस.

पुसून, गोंद भरून, फळीवर पीचच्या बरण्या रचल्या. सकाळी बघते तर त्याच्या शेजारी नवा फुगा. मला इतका राग आला की मी त्याच्याशी भांडले. हल्ली डोकंही दुखतं, उठल्या उठल्या. चष्म्याचा नंबर वाढला असेल. बाहेर नदीवर गेलं की बरं वाटतं, म्हणून मी म्हणते मला इथलीच हवा मानवते, तुमची नाही. रात्री घर इतकं शांत असतं की पडल्या पडल्या नदी ऐकू येते. हे सुख स्पोकेनला कुठून आणणार?

येत्या शनिवारी उरलेले सगळे फुगे एकदम उरकते आणि रात्री क्लीटसकडे झोपते. गोंद लवकर वाळावा म्हणून घर चांगलं गरम ठेवून जाईन. तुझं उत्तर यायला वेळ लागेल, तोवर मी थांबत नाही.

वहिनीला सांग, केक छान होता. हे मोठ्याने वाच.
तुझी नेडीन

स्पोकेन
२३ जानेवारी, शुक्रवार

नेडीन,

आशीर्वाद नंतर. आधी शेगडी बंद कर.

तुझं पत्र वाचून मी हातातला कप खाली ठेवला. तुझ्या हीटरचा पंखा म्हणजे पीठगिरणी आहे. तो चालू असताना तुला नदी कशी ऐकू येते? हीटर बंद पडला आहे आणि तू स्वयंपाकाच्या शेगडीवर घर तापवते आहेस. उघड्या ज्योतीतून वाफ निघते, ती थंड काचांवर आणि भिंतीवर पाणी होऊन बसते, तेच ओघळून कडेने व्हायनिलखाली शिरतं. म्हणून पाणी स्वच्छ, म्हणून फुगे भिंतीलगत. फुग्यांचं मरू दे. झरोका बंद, खिडक्या बंद आणि रोज सकाळी डोकेदुखी. तो चष्मा नाही. ती शेगडीने कोंडलेली विषारी हवा आहे. असेच लोक झोपेत जातात, नेडीन, आणि सकाळी गालावर चांगली लाली असते.

उशी काढ. दार उघड. कुडकुड, पण उघड.

रेंजरच्या चौकीला सकाळपासून फोन लावतोय, बर्फाने तार तुटली आहे म्हणतात. तुझ्याकडे येणारा दरीतला रस्ता बंद आहे. रस्ता मोकळा झाला की पहिली टपालगाडीच आत जाईल, म्हणून हे पत्र पाठवतो आणि फोनही लावत राहतो. मला भीती वाटते आहे. आयुष्यात तुला असं कधी लिहिलं नव्हतं.

ओरिन

कॉटनवुड बेंड
२७ जानेवारी

प्रिय ओरिनदादा,

सा. न., या वेळी स्वभावालाही.

मी जिवंत आहे. हे पहिलं लिहिते.

तुझं पत्र आज मिळालं आणि काम शनिवारीच झालं होतं. मी फुगे चिरले, गोंद भरला, बरण्या रचल्या आणि जमीन वाळावी म्हणून शेगडीच्या तिन्ही ज्योती पेटवून क्लीटसकडे गेले. हीटर नोव्हेंबरमध्येच बंद पडला. तुला कळवलं असतं तर तू एप्रिलची वाट पाहिली नसतीस.

रविवारी सकाळी मी ट्रेलरमधून रक्तदाबाच्या गोळ्या आणायला निघाले, तर क्लीटसच म्हणाला की तुझे पाय गारठलेत, मी जातो. बराच वेळ आला नाही. मी गेले तर तो पलंगाला टेकून बसला होता, तोंड लालबुंद, शुद्ध नाही. मी श्वास रोखला आणि त्याच्या काखेत हात घालून त्याला ओढत बाहेर बर्फावर आणलं. ओढताना बरण्या उडाल्या, पीच सगळीकडे झाले. पुष्कळ वेळाने त्याला उलटी झाली, डोळे उघडले, आणि तो म्हणाला की डोकं फुटतंय. नेमकी माझी डोकेदुखी, दादा. मी तिथेच बसून रडले. आता तो बरा आहे, रस्ता मोकळा होताच रेंजरने दवाखान्यात नेऊन आणलं.

भिंतीवरचा विषारी हवेचा अलार्म मीच डिसेंबरात काढून ठेवला होता. बेकन तळलं की किंचाळतो म्हणून. तो बेकनवर नाही, माझ्यावर किंचाळत होता.

मला माझं घर हवं होतं आणि त्यापायी मी दुसऱ्याचा जीव घेत होते. करार मी हरले. एप्रिलपर्यंत थांबू नकोस. सध्या क्लीटसकडे आहे, खोकी बांधायला घेतली आहेत. मागच्या खोलीतला टीव्ही तेवढा हलव.

माया कमी झाली नसेल तर दोन ओळी लिही.
नेडीन

स्पोकेन
३१ जानेवारी

चि. नेडीन,

अ. आ., उरलेले सगळे.

पत्र वहिनीने फोडलं, वाचलं आणि माझ्या हातात दिलं. मग मी वाचलं. रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

खोकी सोड. खरं सांगितलं असतंस तर मी तुला घेऊन आलो असतो, हे तू बरोबर ओळखलंस, आणि चूक तिथेच झाली. मी तुझ्याशी असा करार केला की खरं बोलणं तुला परवडेना. तो करार आता नाही. गुरुवारी आम्ही येतो, वहिनीचा भाऊ गाडी चालवणार, मागे नवा हीटर आणि प्लाय. कपाटं काढून जमीन सबंध उपटायची, कुजलेलं फेकायचं, नवं घालायचं. वाकायचं काम तू करशील, शिव्या द्यायचं मी. मग तू राहा नदीवर. क्लीटससाठी वहिनीने आणखी एक केक केला आहे, त्याने तो सगळा खायचा आहे.

फक्त त्या अलार्मला आजच सेल घाल आणि भिंतीवर लाव. किंचाळला की समज मी ओरडतोय, आणि दार उघड.

तुझा
ओरिनदादा