न खाल्लेला खर्रा

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुझा आवाज आठवायचा म्हटलं की दोनच शब्द ऐकू येतात, "आ कर." तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं बाबांचं तोंड आवळत गेलं, शेवटी पेजेचा चमचा जायलाही फट उरली नाही. ते गेल्यावर तू मला त्यांच्या हातमागावर हात ठेवायला लावून खर्रा न खाण्याची शपथ घातलीस. विणकराच्या घरात मागाची खोटी शपथ कोणी घेत नाही. तरी तुझा विश्वास नव्हताच. शाळेतून आलो की दारातल्या उजेडात उभं करून हनुवटी धरायचीस. "आ कर. अजून मोठा. काहून रे, गालात काय लपवून राहिला?" माझ्या हळदीच्या दिवशीसुद्धा! अंगभर पिवळा मी, समोर सगळे पाहुणे, आणि तू म्हणतेस, "आ कर." ही गोष्ट नवरीच्या घरी उष्ट्या हळदीच्या आधी पोचली होती.

मी खर्रा कधीच खाल्ला नाही, माय. तरी मानेत गाठ आली, घशात टॉन्सिलपाशी कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं. आपल्या इतवारीच्या वस्तीत कशानं झालं हे कोणी विचारत नाही, उत्तर घेऊनच भेटायला येतात. शेजारच्या काकांनी स्वतःचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि म्हणाले, "आता तरी सोड गा बाबू." मी होकाराची मान हलवली. बायको चहा घेऊन दारातच उभी होती. तिनं ती मान पाहिली.

खरं कारण डॉक्टरांनी मला एकट्याला सांगितलं होतं. विषाणू. शरीराच्या जवळिकीतून येतो, बहुतेकांचा आपोआप जातो, एखाद्याच्या घशात वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. कोणाकडून आला, कधी आला, ते कळायला मार्ग नाही, त्यावरून कोणाचं चारित्र्य ठरवू नका, असंही ते म्हणाले. त्यांचं ठीक आहे, ते इतवारीत राहत नाहीत. दर आठवड्याला पेपरात पुढाऱ्यांची अब्रू काढणारा मी, माझ्या अब्रूसाठी खर्र्याच्या आडोशाला जाऊन बसलो. या गावात त्याच्याइतकं सभ्य कारण दुसरं नाही.

आता ठरावीक दिवसांनी रक्त देतो. गाठीतून सुटलेले त्या विषाणूचे बारीक तुकडे रक्तात फिरतात का, ते बघतात. कॅन्सर परतला तर कधी कधी स्कॅनमध्ये दिसण्याआधीच रक्तात कळतं म्हणे. मागच्या वेळी काही सापडलं नाही. मी पेढे आणायचं म्हटलं तर डॉक्टर म्हणाले, "चांगलं आहे, पण पुढचंही बघू." परवा पुन्हा सुई टोचली तेव्हा त्यांनी विचारलं, "मिसेसना सांगितलंत ना? हाच विषाणू बायकांना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर करू शकतो, त्याची तपासणी त्यांनी तशीही वेळेवर करायची असते. त्यांची राहिली असेल तर करून घ्या."

"सांगतो," म्हणालो. सुईपेक्षा तो शब्द जास्त टोचला. तिची तपासणी कधीच झालेली नाही, मला माहीत आहे.

ती बिचारी तुझ्या बाजूनं भांडते. तुझ्या फोटोला हार घालता घालता म्हणते, "मागावर हात ठेवला होता न तुम्ही? मायची तरी लाज ठेवाची!" मी शपथ मोडलेली नाही हे तिला सांगायचं, तर पुढचंही सांगावं लागतं. आणि पुढचं ऐकून ती मला काय विचारेल, ते मला ठाऊक आहे. लग्नाआधीच्या एका वर्षाबद्दल मी तुलाही कधी बोललो नाही.

सोमवारी रिपोर्ट आहे. ती सोबत येणार आहे. "डॉक्टरच्या तोंडूनच ऐकतो, तुमचा काही भरोसा नाही," म्हणते. म्हणजे रविवारपर्यंत मला बोलायला हवं. म्हणून कागद घेऊन बसलो, आणि वर तिच्याऐवजी तुझं नाव घातलं. तू उलटून विचारणार नाहीस.

आज सकाळी तिनं मोबाइलचा टॉर्च लावला, माझी हनुवटी धरली, अगदी तुझ्यासारखी. "आ करा बरं. पुन्हा सुरू तं नाही केला?" मी मोठा आ केला. तिनं आतबाहेर बघितलं, टॉर्च बंद केला आणि म्हणाली, "काही नाही."

माय, खरं सांगू? मला हायसं वाटलं.