टाचेतला जादा टाका

ती. वन्सं यांस,

भावजयीचा वाकून नमस्कार. (कंबर अजून धरते, पण कागदावर वाकायला त्रास होत नाही.)

तुमचं पार्सल पोचलं. आलेल्या वस्तू अशा: लोण्याची बरणी एक, झाकणाला मेण लावलेलं, लोकरीचे मोजे तीन जोड, एक ह्यांना, एक लेकीला, एक मला, आणि मध्ये कोंबलेली जुनी वर्तमानपत्रं पुष्कळ, ती मी इस्त्री फिरवून कपाटात अंथरली. तिकिटं कमी पडली होती. पोस्टमनने दाराशी वरचे पैसे मागितले, म्हणजे साधारण दीड मोज्याच्या लोकरीचे. मी बोलून दाखवत नाही, फक्त हिशेबात लिहून ठेवलं आहे. लोणी कसं झालं म्हणून विचारलं आहेत. काय सांगू, आल्या दिवशीच संपलं, घरात बोटाला लावायलासुद्धा उरलं नाही.

तुमची प्रकृती उत्तम असेलच. ती नेहमीच उत्तम असते. (या वाक्याकडे मी पुढे परत येणार आहे.) पार्सलातल्या चिठ्ठीत तुम्ही लिहिलं आहे की पुढच्या आठवड्यात धाकट्या भावोजींकडे बाळंतिणीच्या स्वयंपाकाला निघणार. वन्सं, पिशवी भरली असेल तर भरलेली असू दे, पण हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय गाडीत पाय ठेवू नका. मी मध्ये जरा भटकेन, तुम्हाला माझी सवय माहीत आहे. पण शेवटाला येईन.

लेक अजून इस्पितळात आहे. ताप उतरला, देवाची कृपा. केस मात्र उशीवर जास्त आणि डोक्यावर कमी असे झाले आहेत. ती म्हणते आता कंगव्याचा खर्च वाचला, माझा स्वभाव बघून मुद्दाम म्हणते. हे बरे आहेत. जिना चढताना कठड्याला धरतात आणि धरलं नाही असं सांगतात.

शेजारचे शिंपीमामा गेले. तुम्ही इथून निघालात तेव्हा त्यांना नुसती कणकण होती. मग इस्पितळात नेलं, आणि तिथे त्यांना एकामागून एक औषधं दिली, एकही लागू पडलं नाही. जे लागू पडलं ते फार उशिरा मिळालं. पोचवायला ह्यांच्यासकट चार माणसं होती. एकटा माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगाची मापं घेतली. तुमचं पोलकं त्यांच्या मशीनवर तसंच होतं, एका बाहीचं. ते सोबत पाठवलं आहे. दुसऱ्या बाहीचं कापड त्यांनी आधीच बेतून घडी घालून ठेवलं होतं, तेही आत आहे.

आता आजाराचं सांगते. हा मुदतीचा ताप, पण आपल्या लहानपणचा नव्हे. डॉक्टर म्हणाले, पूर्वी ज्या गोळ्यांनी हा जंतू मरायचा त्या आता तो पचवतो. ह्यांना पहिली गोळी दिली, ताप हटला नाही. दुसरी दिली, ताप तसाच. तिसरी महाग होती, म्हणून मला वाटलं नक्की लागू पडेल. तीही वाया. (औषधाची किंमत आणि गुण यांचा संबंध नसतो हे मला या वयात कळलं.) शेवटी शिरेतून एक औषध दिलं ते चाललं. लेकीलाही तेच दिलं. डॉक्टर म्हणाले की याच्यापुढे त्यांच्या कपाटात आणखी एकच औषध आहे, आणि त्यापलीकडे नुसतं कपाट आहे.

एकाच गल्लीत तीन माणसं पडली, म्हणून आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेतून एक बाई आल्या. पायात धुळीचे बूट, खांद्यावर थंड पेटी. मला वाटलं आइस्क्रीम विकतात, आणि मी दारातूनच नको म्हणून सांगितलं. त्या हसल्या नाहीत. माझी टाकी बघितली, गाळणी बघितली, दूध कुठलं ते विचारलं, संडासापासून ओट्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. माझं स्वयंपाकघर इतक्या बारकाईने तुमच्यानंतर कोणी पाहिलं नव्हतं. निष्पन्न काहीच नाही. पाणी चोख, दूध चोख. मी मनातून सुखावले आणि त्यांना चहा दिला. तो त्यांनी घेतला नाही.

काही दिवसांनी त्या पुन्हा आल्या आणि टेबलावर एक कागद पसरला. त्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा. जंतूची वंशावळ म्हणे. रोग्याच्या रक्तातून जंतू काढतात, वाढवतात आणि यंत्रात घालून त्याच्या पोटातला सगळा मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून काढतात. जंतू एकाचे दोन होताना तो मजकूर उतरवून घेतो, आणि उतरवताना क्वचित कुठे चुकतो. ती चूक पुढच्या सगळ्यांत जाते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, मला काही कळेना. मी मान हलवत होते आणि पायाकडे बघत होते. पायात तुमचे मोजे होते.

वन्सं, तुम्ही रागावणार, पण तुमच्या मोज्याच्या टाचेत एक टाका जास्त असतो. तुम्ही कधीतरी शिकताना चुकलात, आणि तीच रीत झाली. मला तुम्ही शिकवलंत, माझ्या टाचेत तो आहे. मी लेकीला शिकवलं, तिच्याही आहे. धाकट्या जाऊबाईंच्या मोज्यातही तो टोचतो. जगाच्या पाठीवर कुठेही मला तसा मोजा दिसला तर मी सांगेन की ही बाई वन्संच्या हाताखालची, मग ती नाही का म्हणेना. मी मोजा काढून बाईंना टाच दाखवली. त्या पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, अगदी हेच. ह्यांचा जंतू, लेकीचा जंतू आणि शिंपीमामांचा जंतू, तिघांच्या टाचेत तेच जादा टाके होते.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांनी बोट फांदीवरून मागे नेलं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात एक मुलगा आजारी पडला होता, त्याचा जंतू खात्याने बर्फात जपून ठेवला होता. तो याच घराण्यातला निघाला. गावाचं नाव त्यांनी सांगितलं. थोरल्या भावोजींचं गाव. मुलगा म्हणजे माझा पुतण्या, तुमचा भाचा. आपलं नातं त्यांना ठाऊक नव्हतं, मी सांगितलं.

त्या म्हणाल्या, "दोन गावांचं पाणी एक नाही, दूध एक नाही, बाजार एक नाही. मग एक काय?"

मी ओट्याकडे बघितलं. खाली तुमचा पाट भिंतीला उभा ठेवलेला होता, ज्याच्यावर बसून तुम्ही कालवायच्या आधी प्रत्येक गोष्ट बोटाने चाखता. साबणाच्या हाताला अन्नाची चव कळत नाही, असं तुम्हीच आम्हा सगळ्यांना शिकवलंत. माझा हात मोडला तेव्हा तुम्ही धावून आलात. ह्यांना ताप आला तेव्हा तुम्ही घास भरवलेत. शिंपीमामा एकटे म्हणून त्यांना रोज डबा पाठवलात. पुतण्या आजारी पडला तेव्हाही तुम्हीच तिथे होतात, म्हणजे तो पडायच्या आधीपासून होतात. आपल्या घराण्याची ही रीतच आहे ना, कोणी अंथरूण धरलं की तुम्हाला बोलवायचं, वन्संना हातगुण आहे म्हणायचं. आणि ताप लांबला की तुम्हाला आणखी राहायला सांगायचं.

बाई म्हणाल्या, अशी माणसं असतात. ताप येऊन जातो, माणूस उठतो, अगदी ठणठणीत होतो, पण जंतू पित्ताच्या पिशवीत मुक्काम करतो, बहुतेक तिथल्या खड्यांवर. त्या माणसाला काही होत नाही. प्रकृती उत्तम. (म्हटलं होतं ना, परत येईन.) चार वर्षांपूर्वी तुम्हाला मुदतीचा ताप आला होता. तुम्ही डब्यातल्या उरलेल्या गोळ्या घेतल्या, ताप उतरल्याबरोबर थांबलात आणि राहिलेल्या पुढच्या आजारासाठी परत डब्यात टाकल्या. तेव्हा आम्ही सगळ्यांनी तुमचं कौतुक केलं. गोळी वाया घालवायची नाही ही शिस्त आपल्या घरात देवपूजेच्या खालोखाल आहे. अशा अर्ध्यामुर्ध्या औषधांवरच हे जंतू शहाणे होतात म्हणे. तो तुमच्याच पोटात शहाणा झाला की आधीच शिकून आला होता, ते मात्र सांगता येत नाही, असं बाई दोनदा म्हणाल्या. आणि तपासल्याशिवाय तुमच्यावर कसलाच ठपका ठेवता येत नाही, हे तीनदा.

हे सगळं मी ह्यांना फोनवर तुम्हाला सांगायला लावलं होतं. तुम्हाला आठवत असेल, त्यांनी दहा मिनिटं हवेबद्दल चौकशी केली, मग घसा खाकरून "जपून राहा" म्हणाले आणि ठेवून दिला. मग बाहेर जाऊन पायरीवर बसले. तुम्ही त्यांना लहानपणी मांडीवर वाढवलंत, त्यांच्या तोंडून हे निघायचं नव्हतं. खात्याचा माणूस थेट तुमच्या दारात येणार होता, शिक्क्याचा कागद घेऊन, शेजारपाजारच्या देखत. मी बाईंचे फक्त पाय धरायचे बाकी ठेवले. म्हटलं, मला आधी लिहू द्या. त्यांनी तुमचं उत्तर येईपर्यंतची मुदत दिली आहे, तीही तुम्ही बाळंतिणीकडे जाणार नाही या माझ्या शब्दावर. मी तुम्हाला न विचारता तुमचा शब्द दिला. घरातल्या देवाला सांगून दिला आहे.

जाऊबाईंचं बाळ अजून आठ दिवसांचंही नाही. अधिक लिहीत नाही.

धाकट्या भावोजींना मी तुमचे गुडघे दुखतात एवढंच कळवलं आहे. (माझं खोटं बोलणं कधी नसतं, म्हणून त्यांनी लगेच विश्वास ठेवला.)

तुमची भावजय

ता. क. सोबतच्या खोक्यात निळ्या झाकणाची एक डबी आहे. ती लोणच्याला वापरू नका. त्यात काय भरायचं ते आतल्या कागदावर छापलं आहे, आणि तो कागद मी सूनबाईंनी वाचावा तसा डोळे खाली घालून वाचला. चमचा झाकणालाच आहे, घरचा घालवू नका. त्यात जंतू निघाला तर महिनाभर गोळ्या आहेत, डॉक्टरांच्या कपाटातल्या त्या शेवटच्या औषधाच्या, खडे असले तर लहानशी शस्त्रक्रिया. गोळ्या शेवटच्या गोळीपर्यंत घ्यायच्या. एकही डब्यात गेली तर मी येऊन डबा जप्त करीन.

ता. क. दुसरा. लोण्याबद्दल वर लिहिलं ते अर्धं खरं. ते आम्ही खाल्लं नाही. बाईंनी हातमोजे घालून बरणीसकट थंड पेटीत नेलं. तपासात लोण्यात काही निघालं नाही, ते निर्दोष आहे. फक्त परत देत नाहीत. बरणी मागितली, तीही नाही.

ता. क. तिसरा. शिंपीमामांबद्दल तुम्ही काय विचार करत बसाल ते मला इथून दिसतं. तुमचा डबा गेला नसता तर ते त्या दिवसांत उपाशी राहिले असते, हेही तितकंच खरं आहे. मी ही दोन्ही वाक्यं रोज देवापुढे म्हणते. एक म्हटलं की दुसरं बसू देत नाही. पोलक्याला बाही तुम्ही स्वतः लावा, दुसऱ्या कोणाकडे देऊ नका.

ता. क. चौथा, आणि यासाठीच हे सगळं पत्र. लेकीला मी इस्पितळात हे सांगितलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आत्याला आधी बोलाव, मग सांग. उलट करशील तर ती कुठेच जाणार नाही." मी उलट केलं आहे, माझा स्वभाव. पण तुम्ही इकडे या. कोणी आजारी आहे म्हणून नव्हे, नुसत्या या. गोळ्या इथेच घ्या, मी मोजून देईन. ओट्याजवळ फिरकायचं नाही, खुर्चीवर बसायचं आणि माझ्या हातचं खायचं, ते कितीही फिकं झालं तरी. बाळासाठी मोजे विणा. लोकरीतून काही जात नाही, मी बाईंना विचारून घेतलं आहे. टाच आहे तशीच ठेवा.

येता की नाही ते उलट टपाली कळवा. "येते" एवढंच लिहिलंत तरी पुरे. पाकीट सोबत ठेवलं आहे. तिकीट पुरतं लावलं आहे, मी.