दंडावरची देवी

धाड, ता. ६ मार्च १९६३

प्रिय शांतवन,

सप्रेम सलाम. वर्ष होत आलं, मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तूही मला नाही. दोघेही सारखेच हट्टी. बोर्डिंगातही आपण असेच अबोला धरायचो, पण तेव्हा तो जेवणाच्या घंटेपर्यंतच टिकायचा.

मार्थाला देवी आल्या आहेत. आजचा सातवा दिवस. चेहरा इतका सुजलाय की डोळे उघडत नाहीत. मी शाळेतून रजा घेतली आहे. तिची आई असती तर तिला काय द्यावं, कसं निजवावं ते कळलं असतं. मी नुसता ओल्या फडक्याने ओठ पुसत बसतो. शेजारच्या सत्यभामाबाई दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधून गेल्या. जाताना म्हणाल्या, “मास्तर, देवीले निवद दाखवा, कोपली हाये.” पोरीसाठी त्यांचा जीव तुटतो म्हणून म्हणतात. मी डहाळा राहू दिला, नैवेद्याला हात जोडून नाही म्हटलं. तू असतास तर डहाळाही उकिरड्यावर फेकला असतास. मला तो बरा वाटतो, माश्या येत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात तुला इथे बोलावलं ते मीच. आमची ख्रिस्ती घरं अकरा, आणि माझा उपदेश ऐकताना निम्मी माणसं डुलक्या घेतात, हे मला ठाऊक होतं. तू उभा राहिलास आणि बायका चुलीवरचं विसरल्या. मलाही अभिमान वाटला. मग तिसऱ्या दिवशी तू म्हणालास, “तुमच्या आज्यानं जी देवी सोडली, तिलेच तुमी दंडावर बसोता? काऊन?” मला वाटलं, थट्टा करतोयस. मी मोठ्याने हसलो. आजूबाजूला पाहिलं तर कोणीच हसत नव्हतं. लस टोचण्याला आपल्याकडे सगळेच ‘देवी काढणं’ म्हणतात. सरकारने त्या रोगाला दुसरं नाव दिलं असतं तर तुझा अर्धा उपदेश तिथेच संपला असता. उरलेल्या अर्ध्यात तू बायबलातलं शेवटच्या काळातलं श्वापद आणलंस; लशीचा वण म्हणजे त्याचीच खूण, ती घेतली तो देवाचा उरला नाही. आणि म्हणालास, ज्याचा विश्वास पक्का त्याला रोग शिवत नाही. ज्याला शिवला, त्याला देवाने टाकलं.

मार्थाला तू पुढे बोलावलंस. लहानपणी तिला टोचलं होतं, पण ते उठलंच नाही, दंड कोराच राहिला. तू तो दंड सगळ्यांना दाखवलास. देवाने ही पोरगी आपल्यासाठी राखून ठेवली, म्हणालास. एकोणीस वर्षांची पोर, आई गेल्यापासून मान खाली घालून वावरणारी; त्या दिवशी तिने सगळ्यांसमोर गीत म्हटलं. तिला इतक्या आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. मग तिला कुठल्या तोंडाने अडवणार होतो?

दिवाळीनंतर लस टोचणारे शाळेत आले. पहिला मी बसलो, मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असा. मार्था त्या दिवशी घरीच आली नाही. तेव्हापासून रविवारी उपासनेला माझ्याकडे एकट्या अंबूबाई येतात. त्या ठार बहिऱ्या, तुझा उपदेश त्यांना ऐकूच गेला नाही. आम्ही दोघं गातो, त्या दोन ओळी मागे असतात.

दमलो रे. कितीदा वाटलं, शांतवनचंच खरं असेल. त्याचा उपदेश ऐकून एवढी माणसं काय उगीच रडतात? पण मी ज्या येशूवर विश्वास ठेवला तो रोग्याला आधी हात लावायचा, त्याचा विश्वास तपासत बसायचा नाही. याच्यापलीकडे मला काही येत नाही. तेवढ्यावरच टिकून राहिलो.

आणि एक कबूल करतो. बोर्डिंगात आपल्याला एकाच दिवशी टोचलं होतं. तू माझा हात धरून रडला होतास, रात्रभर तापाने फणफणला होतास. तुझ्या दंडावर त्या खुणा आहेत. मे महिन्यातही तू लांब बाह्यांचा सदरा उतरवत नव्हतास, ते मी पाहत होतो. दहादा तोंडावर आलं, सांगून टाकावं. नाही सांगितलं. तुझी लाज राखली असं तेव्हा वाटायचं. सांगितलं असतं तर मार्थाने कदाचित दंड पुढे केला असता. हा दोष तुझा नाही, माझा आहे.

हे पत्र इथल्या कडूबाच्या हाती देतोय, तो उद्याच्या एस.टी.ने तुमच्या डोणगावला निघालाय. तू त्याच्यासोबतच परत ये. डॉक्टर म्हणतात, पुढचे तीन-चार दिवस जड आहेत. मार्था पाणीही नको म्हणते. काल म्हणाली, “बाबा, मले देवानं टाकलं. माहा विश्वास कच्चा निघाला.” मी शंभरदा सांगितलं, नाही ग, तो तुझ्याजवळच आहे. ती भिंतीकडे तोंड फिरवते. तिच्या लेखी मी खूण घेतलेला माणूस. तू तिला बरं कर म्हणून बोलावत नाही. मंडळीसमोर चूक कबूल कर असंही म्हणत नाही. तिच्याकडून पापाची कबुली मात्र मागायची नाही; मागितलीस तर दारातून परत पाठवीन. फक्त तिच्या उशाशी बस आणि म्हण, मार्था, देवाने तुला टाकलेलं नाही. तुझ्या तोंडचं सगळं तिने खरं मानलं, शांतवन. एवढं एक, जे खरंच खरं आहे, तेही तिला तुझ्याच तोंडून ऐकू दे.

वाट पाहणारा, अजूनही तुझाच,
इंद्रभान