टाकीतून येणारं उत्तर

२ जुलै, हूरा, बहारीन
पोचलो एकदाचा! तीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपात पत्रे ठोकले, निरोपाला शाल-श्रीफळ घेतलं, आता घरी बसून भाजी निवडायची असं धरून चाललो होतो; आणि साठीला थेट बहारीनहून बोलावणं! थीम पार्कात मुलांना फिरवायला जुनं वाफेचं इंजिन दुरुस्त करायचंय. खोली थंडगार, खाली इडली मिळते. बायकोला, लक्ष्मीला, फोन करून सांगितलं, मजेत आहे.

३ जुलै
हिद्दमधल्या शेडवर गेलो. इंजिन देखणं आहे. मागे टेंडर, म्हणजे कोळसा आणि पाणी वाहणारा डबा. त्यातल्या पाण्याच्या टाकीचं झाकण कोणा शहाण्याने बाहेरून वेल्ड करून टाकलं होतं. अर्धा दिवस ग्राइंडर चालवून उघडलं. आत नुसता गंज आणि कुबट वास.
साहेब परीक्षित, पुण्याचा, तिशीतला. मला काका म्हणतो आणि लगेच घड्याळ दाखवतो. वेल्डर हारून मात्र राजापूरचा निघाला, दुसऱ्या मिनिटाला गावच्या गप्पा सुरू! माणूस आवडला मला.

७ जुलै
हारूनला आमच्या वर्कशॉपची रीत शिकवली. टाकीत आडवे-उभे पत्रे असतात, त्यांच्यामागे कोणी काम करत असला तर वरून दिसत नाही. म्हणून झाकण लावण्याआधी हातोडीने तीन ठोके द्यायचे आणि थांबायचं. आतला माणूस तीन ठोके परत देतो. या रीतीमुळे तीस वर्षांत आमचा एकही माणूस दगावला नाही.
संध्याकाळी सगळे बाहेर असताना मी ठोकलं. आतून तीन ठोके आले.
बॅटरी घेऊन दोघांनी टाकी पालथी घातली. कोणी नव्हतं.

११ जुलै
रोज हेच. परीक्षित म्हणतो, उन्हाने पत्रा वाजतो, काका, साधं फिजिक्स आहे. पत्रा कसा वाजतो ते मला शिकवतोय! पत्रा मोजून वाजत नाही. आज चिडून मी मुद्दाम चार ठोके दिले. आतून तीनच आले, सावकाश, माझी चूक दाखवल्यासारखे. मला ते अजिबात आवडलं नाही.

१५ जुलै
हारून आत रंग देत होता, तो धडपडत बाहेर आला. म्हणे मागच्या कोपऱ्यात कोणीतरी घोटा धरला, आणि हात ओला होता. टाकीत पाण्याचा थेंब नाही. घोट्यावरचे वळ मी स्वतः पाहिले. मी घाबरलो, आणि घाबरलो की मी चिडतो. त्याला नाटकी म्हणालो, सगळ्यांसमोर. परीक्षितने सांगून टाकलं, रंग पुरा केला नाही तर व्हिसा खलास. मी हत्यारं आवरायला लागलो. हारून म्हणाला, गेला तर गेला, पण या टाकीत पुन्हा पाय ठेवणार नाही.

१७ जुलै
हारून दोन दिवस आलेला नाही. परीक्षितचा हुकूम, आवाज आला तरी काम थांबवायचं नाही. मी मान डोलावली. रोज उठून रिकामी टाकी तपासायचा मलाही कंटाळा आला होता. हारूनची माफी मागायला हवी.

१८ जुलै, शेड
आज पाणी भरून गळती बघायची. रंगाचा उरलेला कोपरा राहू दे, यल्ला, चला, म्हणाला परीक्षित.

८.१० — ठोकलं. तीन आले. कोणी वाकूनही पाहिलं नाही. बोल्ट आवळले, पाइप लावला. रंगाचा वास अजून ताजा आहे.

९.०० — पाव टाकी. गळती नाही. ठोके चालूच.

९.२५ — अर्धी. ठोके आता तीन-तीन नाहीत. सलग. परीक्षित म्हणतो, गार पाणी, तापलेला पत्रा. कॉम्प्रेसरच्या आवाजात धड ऐकूही येत नाही.

९.४० — ठोके वर सरकलेत. झाकणापाशी.

९.४५ — वॉचमन मुख्तार चहा घेऊन आला. तीन कप. तिसरा हारूनचा म्हणाला. हारून पहाटे पाचलाच आला, रंगाचा डबा घेऊन टेंडरवर चढला, परत जाताना दिसला नाही — काकांचा राग घालवतो म्हणत होता —

१०.०० — परीक्षित पाणी सोडून देतोय. बोल्ट मुख्तार काढतोय, मी मोजतोय. बारातले चार निघाले. टाकीतलं ते आम्हाला उत्तर देत नव्हतं. ठोके कानाआड करायची सवय लावत होतं. हारूनने रीतीप्रमाणे तीन दिले आणि मी — मीच आवळले —

सलग ठोके थांबले. मी हातोडी घेतली. ठोकलं. हारून, दे रे बाबा —

तीन आले. सावकाश. मोजून. हारून तर जिवाच्या आकांताने ठोकत होता, हे —