डिश हलली असंल

पेठ वडगाव
सोमवार, १९ जानेवारी २०२६

प्रिय सयाजी,

सलाम. अंबूमावशींना नमस्कार सांग. पायाचं प्लास्टर निघालं, जिवाला बरं वाटलं. आता डॉक्टर सांगतील तेवढंच चाल, उगाच मर्दुमकी दाखवू नकोस.

पत्र बघून हसशील. दिवसातून दोनदा फोन करणारा गडी पत्र काय लिहितोय! पण फोनवर तू "बोल की" म्हणालास की माझं तोंडच बंद होतं. गेल्या आठवड्यात तुझ्याकडं आलो तो एक गोष्ट सांगायलाच आलो होतो. मावशींनी झुणका-भाकरी वाढली. जेवलो, पायाची चौकशी केली आणि ती न सांगताच परत आलो.

मावशींनी दिलेला तिळगुळाचा डबा अजून इथंच आहे. रिकामा कसा द्यायचा म्हणून नजीरानं खारीक-खोबऱ्याचे लाडू वळलेत. पत्र त्याच डब्यात घालतोय. लाडू नंतर खा.

इकडं आज बाजार भरलाय, गोंगाट आहे. हे एवढं लिहीपर्यंत तीनदा उठलो. एकाला राउटर बंद करून चालू करायला सांगितलं, एकावर विनाकारण खेकसलो. चहा निवून गेला. नजीरा म्हणते, दोन महिने झाले, तुम्हाला कुठं काट्यावर बसवलंय का? ती म्हणते ते खरं आहे.

सया, आपण एकत्र इंटरनेटच्या लाइनी द्यायचो तेव्हाचं तुला आठवतं का? तू वर मास्टच्या खांबावर, मी खाली लॅपटॉप घेऊन. तू डिश अंगठाभर सरकवायचास आणि ओरडायचास, "किती?" मी सिग्नलचा आकडा सांगायचो, उणे चौसष्ट. उणे साठ. उणे अठ्ठावन्न, थांब! तू थांबायचा नाहीस. आकडा पुन्हा पडेपर्यंत डिश पुढं न्यायचास, मग माघारी आणून बोल्ट आवळायचास. "पुढं जाऊन बघितल्याबिगर हेच बरं हाय कशावरनं म्हनायचं?" सात वर्षांत तू लावलेली एकही डिश पुन्हा लावावी लागली नाही. मला दुकानावर स्वतःचं नाव हवं होतं म्हणून मी वेगळा झालो, तेव्हाही जाताना तूच माझ्या गच्चीवरची डिश लावून दिलीस.

आणि त्या दिवशी जेवताना तू काय म्हणालास? "माझा हात गेला मर्दा. डिश सरळ बसंना झालीया. मास्ट, गिऱ्हाईकं, समदं तूच घे. दुसऱ्या कुणाला द्यायचं न्हाय मला." आणि स्वतः कारखान्याच्या गेटवर खुर्ची टाकून बसणार! मावशी पदर डोळ्याला लावून आत गेल्या. गुरुवारी कागद करायचे ठरले. मी मान हलवली. लाज वाटायला हवी होती मला.

आता लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहून होणार नाही.

ऑक्टोबरात माळापलीकडच्या दूध संस्थेची लाइन मी घेतली. तू नको म्हणाला होतास, एवढ्या लांब सिग्नल पोचणार नाही म्हणून. तू म्हणालास म्हणूनच मी घेतली. सिग्नल पोचेना. मग मी डिशमागच्या रेडिओच्या सेटिंगमध्ये गेलो. डिश केवढी ते लिहायची चौकट असते ना, तिथं माझ्या डिशचा खरा आकडा तीस. मी सहा टाकला. रेडिओला काय डोळे असतात? आपण सांगू ते त्याला खरं. डिश बारकी आहे असं समजून त्यानं नियमाबाहेरचा जोर लावला. चॅनलही तुझाच निवडला होता, त्यावर तुझ्याशिवाय कुणी नसायचं म्हणून. माझी लाइन धावायला लागली आणि त्या गोंगाटात तुझी बुडाली.

रेडिओचं हे गणित तुला माहीत असूनही सांगतोय, कारण हे सगळं मला त्याच दिवशी कळलं होतं. माझ्या लॅपटॉपवर दिसत होतं.

तू दोनदा मास्टवर चढलास. एकटा, खाली आकडा सांगायला कुणी नाही. मग ६ नोव्हेंबरला सकाळी तुझा फोन आला. "अल्त्या, माझ्या चॅनलवर कोण बसलंय का बघ की. तुझ्याकडं तर काय गडबड न्हाय न्हवं?"

मी म्हणालो, "न्हाय रं. तुझीच डिश हलली असंल."

तू माझ्या शब्दावर तिसऱ्यांदा चढलास. साडेदहाला पडलास.

दुपारी दवाखान्यात तुला प्लास्टरला आत नेलं, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून मी मोबाइलवरनं सहाचे तीस केले आणि चॅनल बदलला. दोन मिनिटांत तुझी लाइन उभी राहिली. संध्याकाळी तुझ्या वाडीतले लोक जमले होते, म्हणून मास्टवर चढलो. बोल्ट तू आवळला होतास तसाच होता. त्याला पाना लावला आणि नुसता फिरवल्यासारखं केलं. तेव्हापासून सगळी वाडी म्हणते, अल्ताफभाईनं हात लावला की लाइन आली. तूही तेच म्हणतोस, आल्या-गेल्याला सांगतोस. सया, ते ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

रेडिओ प्रत्येक बदलाची तारीख-वेळ नोंदवून ठेवतो. त्याची छापील प्रत डब्यात तळाशी आहे. दोन ओळींखाली मी रेघ मारलीय. एक २१ ऑक्टोबरची, तिसाचे सहा. दुसरी ६ नोव्हेंबर, दुपारी दोन पंचवीस, सहाचे तीस. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, ती प्रत बघ.

दूध संस्थेला मी आज सकाळी कळवलंय, ही लाइन माझ्याकडून होणार नाही. गुरुवारी मी येणार नाही, आणि आलो तरी तू सही करायची नाहीस. मास्ट तुझा आहे. वर चढायला कुणीतरी लागेल तोवर तू बोलावलंस तर मी चढेन, तू खाली बसून आकडा सांग. नाही बोलावलंस तर तेही बरोबरच आहे. मावशींना काय सांगायचं ते तू ठरव. मला माफ कर असं लिहून मी दोनदा खोडलं. ते मागायला मी समोर येईन, तू ये म्हणालास तर.

एवढं मात्र आजच वाच, आणि मोठ्यानं वाच, मावशींनाही ऐकू जाऊ दे. तुझा हात गेलेला नाही. तुझी डिश हललीच नव्हती, सयाजी. अंगठाभरसुद्धा नाही.

खोटं बोललेला,
अल्ताफ