जमैकाच्या धबधब्यातला समेट

ती. अक्कांना वॉटफर्डहून अंबरीशचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला आता उतार असेल. आम्ही दोघं क्रूझवरून सुखरूप परतलो. माझी कंबर तेवढी धरली आहे, त्याची हकीकत कळवावी म्हणूनच हे पत्र.

बोटीवर दुसऱ्याच दिवशी तुमच्या धाकट्या बहिणीचं आणि माझं वाजलं. (कशावरून, ते जाऊ द्या.) पुढचे तीन दिवस आमचं संभाषण केबिन साफ करणाऱ्या भल्या माणसामार्फत चाललं. मग जमैकातलं ओचो रिओस बंदर आलं. तिथला धबधबा थेट समुद्रकिनाऱ्यावर उतरतो आणि लोक तो खालून वर चढत जातात. (मला वाटायचं, धबधबा लांबून बघायचा आणि चहा प्यायचा.) चढायचं तेही अनोळखी माणसांचे हात धरून, साखळी करून. विन्स्टन नावाच्या आडदांड गाईडनं विचारलं, "कपल?" मी "येस" म्हणालो, वैजू "नो" म्हणाली. त्यानं आमच्या मध्ये ग्लासगोच्या एक निवृत्त हेडमिस्ट्रेस उभ्या केल्या.

अर्ध्यावर माझा पाय सटकला. मी बाईंचा हात सोडला नाही, मागच्या जर्मन आजोबांनी माझा सोडला नाही, आणि बघता बघता सात माणसं पंगतीला बसावीत तशी पाण्यात बसली. वैजूनं मात्र वेळीच हात सोडवून घेतला होता. ती खाली उतरून आली आणि म्हणाली, "लागलं का हो?"

अक्का, तीन दिवसांनी ऐकलेलं ते पहिलं मराठी वाक्य. माझे डोळे भरून आले. (धबधब्याच्या पाण्यात कोणाला कळतंय?)

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"काय चुकलं?"

"सगळंच."

हेडमिस्ट्रेसबाई समजूतदार, न सांगता बाजूला झाल्या. उरलेला धबधबा आम्ही हातात हात घालून चढलो. पस्तीस वर्षांच्या संसारात चारचौघांत असं पहिल्यांदाच.

तुमच्या आशीर्वादाचा धनी,
अंबरीश

ता. क. – भांडण तुमच्यावरून होतं. तुम्हाला उन्हाळ्यात तीन महिने इथं बोलवावं असं वैजूचं म्हणणं. मी म्हणालो, आठवडा पुरे. तरी राग न धरता जूनमध्ये यावं, पूर्ण तीन महिने. व्हिसासाठी आमंत्रणपत्र सोबत जोडलं आहे.

ता. क. २ – अक्का, हे 'आठवडा' नव्हते म्हणाले, 'चार दिवस' म्हणाले होते. आमंत्रणपत्र मी टाइप केलंय. त्यात सहा महिने लिहिलेत. यांनी न वाचताच सही केली. – वैजू